या तुकड्यांत नाही

नमुना प्रयोगशाळेत आला तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. छोट्या बाटलीत, सलाईनमध्ये, करड्या-काळ्या रंगाचे चार तुकडे. फॉर्मवर मोजकीच माहिती: वय १९, रक्ताचा कर्करोग, किमो चालू, ताप, उजवा गाल सुजलेला, नाकातून बायोप्सी. हे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता पाठवणाऱ्या रेसिडेंटचे मी मनातल्या मनात आभार मानले. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर बुरशी वाढवून पाहताना, काही उगवत नाही.

नाव वाचलं आणि हात थांबला. दोनच दिवसांपूर्वी याच मुलीच्या रक्ताचा गॅलॅक्टोमॅननचा रिपोर्ट मी सही करून पाठवला होता. निगेटिव्ह.

ही चाचणी अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या पेशीभित्तिकेतला एक घटक रक्तात शोधते. किमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या रुग्णांना गाठणाऱ्या बुरश्यांमध्ये अ‍ॅस्परजिलस नेहमीची, म्हणून आधी तिचाच शोध घेतला जातो. म्युकर गटातल्या बुरश्या मात्र या चाचणीत सापडत नाहीत, कारण तो घटक त्यांच्यात नसतोच. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरीही रिपोर्टवर मी फक्त एक शब्द लिहिला होता, आणि तो वाचून वॉर्डातल्या लोकांनी सुटकेचा श्वास घेतला असणार.

तुकडे ब्लेडने बारीक चिरले. इथे खल वापरायचा नसतो. म्युकरच्या तंतूंना आत आडवे पडदे जवळजवळ नसतात. तंतू एका ठिकाणी चिरडला की आतला जीव लांबपर्यंत वाहून जातो, आणि मग कल्चरची प्लेट कोरी राहते. थोडा भाग कल्चरला लावला. उरलेला काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्कोफ्लोर या बुरशीला चमकवणाऱ्या रंगाचा थेंब टाकला. माणसाची ऊती विरघळून बुरशी उरायला थोडा वेळ द्यावा लागतो. ती दहा-पंधरा मिनिटं मी खोलीत नुसती येरझाऱ्या घालत होते.

फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्याच क्षेत्रात ते दिसले. निळसर-पांढरे, रुंद, फितीसारखे, जागोजागी मुडपलेले. पुस्तकात लिहिलेलं असतं की अ‍ॅस्परजिलसच्या फांद्या ४५ अंशांत फुटतात आणि म्युकरच्या ९० अंशांत. माझा कोनावर फारसा विश्वास नाही. कव्हरस्लिप दाबली की कोन बदलतो, आणि फितीला पडलेली घडी अगदी पडद्यासारखी दिसते. मी रुंदी मोजते. १२ मायक्रॉन, १५, एके ठिकाणी १८. अ‍ॅस्परजिलसचे तंतू यापेक्षा बरेच बारीक आणि सगळीकडे सारख्या जाडीचे असतात. खात्रीसाठी दुसरी स्लाइड केली. तीही तशीच.

नाक-कान-घशाच्या सर्जनना फोन लावला.

"मॅडम, नक्की?"

"जात कल्चरवर कळेल, सर. पण हे अ‍ॅस्परजिलस नाही. म्युकर आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. "तिला व्होरिकोनॅझोल चालू आहे."

"ते यावर चालत नाही."

एवढं बोलायला मला अर्धा मिनिट लागला असेल. अ‍ॅस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीचं औषध, पण म्युकरवर ते जवळपास निष्प्रभ. इथे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, आणि तेही ताबडतोब. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू व्हायला सहा किंवा जास्त दिवस लागले, त्या रुग्णांमध्ये बारा आठवड्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं होतं. तिचे किती दिवस गेले, ते मी फोन ठेवल्यावर मोजू लागले. गालाची सूज येऊन चार दिवस झाले होते.

एरवी मी वॉर्डात जात नाही. त्या दिवशी गेले. मुलगी उशीला टेकून बसली होती, उजवी पापणी पूर्ण मिटलेली. तिची आई म्हणाली, "कालपासून गाल दुखायचा थांबलाय." तिला त्यात दिलासा वाटत होता. मी सर्जनकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरते, तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पुढचा भाग उपाशी मरतो. गालाची संवेदना नेणारा मज्जातंतूही त्यात मरतो, म्हणून दुखणं थांबतं. पू होत नाही, कारण पू करायला पांढऱ्या पेशीच शिल्लक नसतात. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ. खोबणीच्या मागून मेंदूकडे वाटा जातात.

लोक याला काळी बुरशी म्हणतात. ते नाव मला खटकतं. प्लेटवर ती आधी कापसासारखी पांढरी उगवते, मग करडी होते. काळी पडते ती आपली मेलेली ऊती. खरोखरीच्या काळ्या, मेलॅनिन असलेल्या बुरश्यांचा गट वेगळाच आहे.

रात्रीच शस्त्रक्रिया झाली. अ‍ॅम्फोटेरिसिन आधीच सुरू केलं होतं, डेक्स्ट्रोजमधून, कारण सलाईनमध्ये त्याचा साका होतो. सर्जन नंतर म्हणाले, नाकातला काळा भाग कापला तेव्हा थेंबभरही रक्त आलं नाही. रक्त येईपर्यंत कापत जायचं, हा तिथला नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी कल्चरची वाढ प्लेटच्या झाकणाला टेकली होती. रायझोपस, म्युकर गटातलीच एक. तिसऱ्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि उजवा डोळा काढावा लागला. त्याची दृष्टी आधीच गेली होती. मेंदूच्या एमआरआयमध्ये काही निघालं नाही. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या. औषध पुढे कित्येक महिने चाललं, आधी शिरेतून, मग पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या. ती जगली.

आता गॅलॅक्टोमॅननच्या प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टखाली मी एक ओळ घालते: या चाचणीत म्युकर सापडत नाही. रुग्णाला पांढऱ्या पेशी नसतील आणि गाल किंवा डोळा सुजला असेल, तर फोनही करते.

डोळा काढला त्या रात्री खोबणीच्या कडांचे सहा तुकडे आले होते. प्रत्येकाच्या तीन स्लाइड केल्या आणि एकही क्षेत्र न सोडता पाहिल्या. दीड वाजता सर्जनचा फोन आला.

"काही दिसतंय?"

"या तुकड्यांत नाही."

"म्हणजे संपलं?"

"या तुकड्यांत नाही, सर. उद्या आणखी पाठवा."

त्यांनी पाठवले.