कैरोतला अख्खा मसूर

उसाच्या सीझनमध्ये सांगली-इस्लामपूर रस्त्यावर ज्यानं रात्री स्कूटर चालवली आहे, त्यानं जगातल्या कुठल्याही ट्रॅफिकला भ्यायचं कारण नाही, अशी माझी समजूत होती. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाल दिव्याचा पत्ता नाही, स्पीकरवर गाणं ठणाणा. ह्यातून निघालेला माणूस कुठंही निघेल. कैरोच्या तहरीर चौकात ही समजूत पाच मिनिटांत उतरली.

सहलीचा शेवटून दुसरा दिवस होता. पिरॅमिड झाले, उंट झाला, १९०२ सालची ती म्युझियमची गुलाबी इमारतही झाली. दुपार मोकळी दिली होती. सहलवाल्यांनी ‘भारतीय जेवणा’ची हमी दिली होती आणि ती दुर्दैवानं पाळली होती. रोज रात्री तेच पनीर, तीच लाल ग्रेव्ही. बॅगेतलं भडंग तिसऱ्या दिवशीच संपलेलं. तेव्हा ही म्हणाली, "अहो, आज आपलं आपण बघू काहीतरी."

बघायचं म्हणजे आधी रस्ता ओलांडायचा. गाड्या थांबत नव्हत्या, हॉर्न थांबत नव्हते. माणसं मात्र बागेत फिरायला आल्यासारखी मधून चालत होती. एवढ्यात एक सायकलवाला आला. डोक्यावर लाकडी फळी, फळीवर फुगलेल्या रोट्यांची चळत, एक हात फळीला आणि एक हँडलला. मान न हलवता तो सरळ त्या गर्दीत शिरला. त्याच्यासाठी गाड्या वाकड्या होतात म्हटल्यावर त्याच्या मागोमाग आम्हीही घुसलो. पलीकडं पोचल्यावर हिनं माझा दंड सोडला. बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

गल्लीत एका दुकानातून टणटण टणटण आवाज येत होता. आमच्याकडं रसवंतीला घुंगरू, तसा इथं डाव. काचेमागं एक पोरगा स्टीलच्या वाडग्यावर डाव आपटत भराभर थर लावत होता: भात, त्यावर मसूर, त्यावर मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोचा रस्सा आणि सगळ्यावर मूठभर तळलेला कुरकुरीत कांदा. ह्याला म्हणतात कोशरी. मांस-मच्छीचा संबंध नाही. हिचा चेहराच उजळला.

आधी गल्ल्यावर पैसे भरायचे. अरबी आकडे मी गाड्यांच्या नंबर प्लेटा बघून शिकलो होतो, त्याचा मला थोडा माजही आला होता. पाटीवर तीन आणि शून्य दिसलं, ऐटीत ३० पौंड पुढं केले. गल्ल्यावरचा हसला. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. एका वाडग्याचे ३५. दोन वाडग्यांचे ७० दिल्यावर "हिंदी?" म्हणून विचारलंन्, आणि उत्तराची वाट न बघता "अमिताभ बच्चन!" तो विषय तिथंच मिटला.

टेबलावर दोन बाटल्या. एकीत लसूण घातलेलं व्हिनेगरचं पाणी, दुसरीत शत्ता, म्हणजे तिखट. वाढप्यानं शत्त्याकडं बोट दाखवून थेंबभर घ्या अशी खूण केली. आता सांगलीच्या माणसाला तिखटाचा थेंब दाखवायचा म्हणजे काय! मी चांगला चमचाभर ओतला. वाढपी लांब उभा राहून बघत होता. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्याकडं पाठ करून पुसलं.

पहिला घास घेतला आणि हात थांबला. हा तर आपला अख्खा मसूर! रंगानं काळपट, दाणा मोडलेला नाही, आत मऊ. इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर ज्याच्यासाठी लोक रोट्यांची चळत संपवतात, तोच. फक्त आपण त्याला तर्रीत बुडवतो आणि ह्यांनी भातावर कोरडा बसवलेला. वर तिखट ज्यानं त्यानं आपापल्या जबाबदारीवर घालायचं, म्हणजे आपल्या मिसळीच्या कटासारखंच. कोशरी हे नाव आपल्या खिचडीवरून गेलं असं बरेचजण मानतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला, तेव्हा मूग-तांदूळ शिजवून तूप घालून खातात आणि त्याला ‘किशरी’ म्हणतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हटलं, खिचडी आपली असेल तर मॅकरोनी कुणी घुसडली? ती इटलीकडून आली म्हणतात. पाहुणी आली आणि राहिलीच. हे सगळं मी हिला समजावून सांगत होतो तेवढ्यात हिनं माझ्या वाडग्यातला कांदा संपवला होता.

सांगलीला परतल्यावर पंधरा दिवसांनी हिनं घरी तो बेत केला. कांदा मी तळला, दोनदा करपवला. आईपुढं ताट ठेवलं. तिनं बराच वेळ नुसतं बघितलं.

"कालचं उरलेलं एकत्र केलंय व्हय?"

"नाही गं आई, तिकडं दुकानात विकतात हे."

"पैसे देऊन खाल्लंत?"

मग जेवायला बसली. सावकाश, एकेक मॅकरोनी वेचून कढीपत्त्यासारखी ताटाच्या कडेला लावत गेली. बाकीचं निपटून खाल्लं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मसूर तेवढा चांगला शिजलाय."