गोरक्षेपला हेलिकॉप्टर बोलावण्याआधी: बेस कॅम्पच्या वाटेवरचा विमा

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघणारा माणूस बुटांसाठी सहा दुकानं पालथी घालतो. विमा मात्र विमानाचं तिकीट काढताना समोर आलेल्या चौकोनात टिचकी मारून घेतो. त्या टिचकीत मिळणारी पॉलिसी बॅग हरवणं, पोट बिघडणं, विमान चुकणं यांसाठी ठीक असते. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या भागात, मात्र ती बऱ्याचदा लोबुचे या वरच्या मुक्कामाच्या अलीकडेच संपते, आणि हे पॉलिसी विकताना कोणी सांगत नाही. ट्रेक संपवून लुक्ल्याला, वाटेच्या सुरुवातीच्या विमानतळाच्या गावी, उतरल्यावर गुडघे कुरकुरत असताना हे लिहितोय, सूर चढा वाटला तर चालवून घ्या.

आधी उंची पाहा. लुक्ला २,८६० मीटर, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६७, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४, बेस कॅम्प ५,३६४. काला पत्थर, गोरक्षेपच्या वरची टेकडी, साडेपाच हजारांच्या घरात. हे आकडे एका कागदावर लिहा आणि पॉलिसीचे पूर्ण नियम शेजारी ठेवून वाचा. माहितीपत्रकावर ‘ट्रेकिंग समाविष्ट’ असं ठळक छापलेलं असतं, उंचीची मर्यादा मात्र आत, वर्जित बाबींच्या यादीत दडलेली असते. कुठे ३,००० मीटर, कुठे ४,५००, कुठे १५,००० फूट. फुटांचा आकडा भरघोस दिसतो म्हणून हमखास फसायला होतं. १५,००० फूट म्हणजे ४,५७२ मीटर, म्हणजे दिंगबोचे आत आणि लोबुचे बाहेर. जिथे माणसं खरोखर आजारी पडतात तो सगळा टापू बाहेरच राहिला.

म्हणून पहिला निकाल: ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग ज्यात स्पष्ट शब्दांत लिहिलंय तीच पॉलिसी, नाहीतर तेवढी वाढ देणारं ॲड-ऑन. बाकी कितीही गोड असो, नको. तीन खिंडींच्या ट्रेकलाही (कोंगमा ला ५,५३५, चो ला ५,४२०, रेंजो ला ५,३६०) हीच मर्यादा पुरते, फक्त चो लाच्या हिमनदीवर क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) लागू शकतात, तेव्हा त्यांचा उल्लेख वर्जित बाबींत आहे का ते बघा. आयलंड पीक हे शिखर जोडणार असाल तर विसरा, ते गिर्यारोहणात मोडतं. त्याची पॉलिसी वेगळी आणि प्रीमियमही वेगळा.

उंचीइतकंच घातक दुसरं वाक्य बऱ्याच पॉलिसींत असतं: ‘ज्यात सर्वसाधारणपणे दोर किंवा गाइड वापरले जातात असं गिर्यारोहण वर्ज्य.’ दोराचं ठीक आहे. पण गाइड? नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्ससाठी गाइड सक्तीचा केला. खुंबूत हा नियम तितका कडक पाळला जात नाही, तरी क्लेम तपासणाऱ्याला तो दाखवून ‘गाइड लागतो, म्हणजे हे गिर्यारोहणच’ असं म्हणायला वाव मिळतो. यावर उपाय एकच. विमा घेण्याआधी कंपनीला ईमेल करायचा: ‘लुक्ला ते एव्हरेस्ट बेस कॅम्प व काला पत्थर, कमाल उंची ५,६५० मीटर, पायवाटेने, गाइडसह, दोराशिवाय. विरळ हवेचा आजार आणि हेलिकॉप्टरने सुटका यांना संरक्षण आहे का?’ उत्तर लेखी हवं. फोनवरच्या ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ला शून्य किंमत.

आता रकमेचं. गोरक्षेप किंवा लोबुचेहून काठमांडूपर्यंतचं हेलिकॉप्टर साधारण ३,००० ते ६,००० डॉलरना पडतं. पॉलिसीच्या मुखपृष्ठावरचा मोठा आकडा एकूण विम्याचा असतो. आपल्याला पाहायची ती ‘इव्हॅक्युएशन’ची उपमर्यादा आणि डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा भाग. ‘सर्च अँड रेस्क्यू’ म्हणजे हरवलेल्याला शोधणं, ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ म्हणजे आजाऱ्याला हलवणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. रक्तदाब, दमा, मधुमेह असेल तर अर्जात लिहा. लपवलेलं रुग्णालयाच्या कागदावर येतंच, आणि मग उंचीच्या आजाराचा क्लेमही त्याच्याबरोबर बुडतो. भारतीयांना नेपाळला विमानाने जायला मतदार ओळखपत्रही चालतं, पण प्रवासविम्याच्या अर्जात बहुधा पासपोर्टचा क्रमांक लागतो. त्यामुळे पासपोर्ट असेल तर प्रवासही त्याच्यावरच करा, म्हणजे कागद जुळतात.

लुक्ला ते नामचे छान आहे, फार सांगण्यासारखं नाही. नामचेला मुक्काम वाढवतात तेव्हा एक काम मात्र उरकाच: विमा कंपनीच्या असिस्टन्सला, म्हणजे तिच्या मदत कक्षाला, प्रत्यक्ष फोन लावून बघा. १८०० ने सुरू होणारे भारतातले टोल-फ्री नंबर नेपाळमधून बहुधा लागत नाहीत. +९१ ने सुरू होणारा साधा नंबर, व्हॉट्सॲप क्रमांक आणि ईमेल निघण्याआधीच मिळवून ठेवा. पॉलिसीचा नंबर आणि हे सगळे क्रमांक कागदावर लिहून एक प्रत गाइडकडे द्या. पुढे थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, आणि डोकं ठणकत असताना पीडीएफ उघडून शोधायचं अंगात त्राण राहत नाही. नामचेला रेंज चांगली असते. लोबुचे-गोरक्षेपला ती भरवशाची नाही, वाय-फायचं कार्ड घ्यावं लागतं.

हे इतकं का, तर लोबुचे-गोरक्षेपचा टप्पा. नकाशावर क्षुल्लक: जेमतेम सव्वादोनशे मीटर चढ. प्रत्यक्षात हिमनदीच्या कडेकडेने, शेवटी मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, दगडांच्या ढिगाऱ्यातून खाली-वर, खाली-वर. त्यात बहुतेक कार्यक्रमांत त्याच दिवशी गोरक्षेपला सॅक टाकून बेस कॅम्पला जाऊन परत यायचं असतं. सात-आठ तासांची चाल, पाणी कमी प्यायलेलं, भूक मेलेली, आणि झोप ५,१६४ मीटरवर. वाटेतलं सगळ्यात वाईट नियोजन हेच, आणि ते सर्रास विकलं जातं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा, हा नियम दिंगबोचेपर्यंत सगळे पाळतात. मग सुट्ट्या संपत आल्या म्हणून पुढे घाई करतात. लोबुचेला एक रात्र जास्त घ्या, त्याहून चांगला विमा नाही.

गोरक्षेपला रात्री डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे अनेकांना होतं. याच वेळी कोणीतरी बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र) लावतो, ‘७८! धोका आहे, सकाळी हेलिकॉप्टर बोलावू, पैसे विमा देईल’ असं म्हणतो. पाच हजार मीटरवर ८० च्या आसपासचा आकडा धडधाकट माणसातही दिसतो, आणि गारठलेल्या बोटावर तो आणखी खाली येतो. नुसत्या आकड्यावर हेलिकॉप्टर बोलावू नका. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत हे प्रकरण उघड झालं होतं: विनाकारण सुटका, एकाच हेलिकॉप्टरमध्ये चौघांना बसवून चार विमा कंपन्यांना पूर्ण भाड्याची चार बिलं, आणि गाइडपासून रुग्णालयापर्यंत वाटलं जाणारं कमिशन. सगळे गाइड असे नसतात, बहुतेक नसतातच. पण ‘पैसे विमा देईल’ हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा. असिस्टन्सची पूर्वपरवानगी न घेता उडालात आणि आजार सौम्य निघाला, तर पैसे तुम्हीच देणार.

खरा धोका ओळखायला यंत्र लागत नाही. सरळ रेषेत टाचेला पायाचं बोट टेकवत चालता येत नाही, बोलणं असंबद्ध होतं, नुसतं बसलं तरी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो. यातलं काहीही दिसलं की परवानगीची वाट पाहत बसायचं नाही. रात्र असली तरी हेडलॅम्प लावून, शक्य तर ऑक्सिजनसह, कोणाला तरी सोबत घेऊन खाली निघायचं आणि दुसऱ्या कोणीतरी तेवढ्यात असिस्टन्सला फोन करायचा. अंधारात आणि ढगांत हेलिकॉप्टर येत नाही, दुपारनंतर ढग भरतात, त्यामुळे खरी वेळ सकाळचीच. लोबुचेच्या खाली फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना वसंत आणि शरद हंगामात चालू असतो. तिथल्या डॉक्टरचा कागद मिळाला तर क्लेमला त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही.

उडावंच लागलं तर बिलावर प्रवाशांची नावं, उड्डाणाची वेळ, कुठून कुठे आणि तुमच्या वाट्याची रक्कम असल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर तर मुळीच नको. डॉक्टरच्या अहवालात निदान, लक्षणं आणि त्या वेळची उंची हवी. काठमांडू १,४०० मीटरवर आहे, सौम्य आजार तिथे पोचेपर्यंत बराचसा ओसरलेला असतो. अशा माणसाला तीन-चार दिवस दाखल राहायला सांगितलं तर कारण लेखी मागा आणि असिस्टन्सच्या डॉक्टरशी बोलणं करून द्या. डिस्चार्ज समरीशिवाय निघू नका.

शेवटी लुक्ला. ढगांमुळे इथली विमानं दिवसच्या दिवस रद्द होतात, शिवाय गर्दीच्या हंगामात बरीचशी काठमांडूऐवजी रामेछाप या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. वैतागून हेलिकॉप्टरने काठमांडू गाठलंत तर तो खर्च विम्यात नाही, तिथे कोणी आजारी नसतं. पॉलिसीतला ‘ट्रिप डिले’ अनेकदा ठरावीक तासांनंतरच लागू होतो, तोही देशांतर्गत उड्डाणाला लागू आहे का ते आधी विचारा. पॉलिसी परतीच्या तारखेपुढे चार दिवस जास्तीची घ्या. मुदत संपल्यावर ती वाढवून मिळणं कठीण, आणि लुक्ल्याच्या धावपट्टीवर धुकं उतरतं तेव्हा नेमका तिचा शेवटचा दिवस असतो.