रविवार सोडून उरलेले सहा दिवस

लंडनमधलं सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च १७२६ साली बांधून पूर्ण झालं. पहिल्या महायुद्धात तिथले धर्मगुरू डिक शेपर्ड यांनी आघाडीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांना आसऱ्यासाठी ते खुलं केलं. बेघरांना मदत करण्याची तिथली परंपरा आजही चालू आहे. जुनं चर्च वस्तीच्या कामी यावं, हे असं कुणालाही पटतं. घोडं अडतं ते किल्ल्या, दारं आणि ओल यांपाशी.

आधी वेळापत्रक. शिकवणी, गायनवर्ग, रक्तदान, ज्येष्ठांची बैठक, सगळ्यांसाठी एकच वही हवी आणि ती एकाच माणसाकडे हवी. दोन वह्या झाल्या की एका संध्याकाळी दोन गट दारात उभे राहणार, हे ठरलेलंच. अंत्यविधी सांगून येत नाही, म्हणून जागा देतानाच लिहून घ्यावं, की तशी वेळ आली तर कार्यक्रम बाजूच्या खोलीत हलेल. हे न लिहिल्यामुळे होणारी भांडणं फार वाईट असतात, कारण त्यात एका बाजूला शोकातलं कुटुंब असतं.

जुन्या चर्चची दारं बऱ्याचदा आत उघडतात. गर्दी बाहेर धावली तर अशी दारं लोकांच्या रेट्यानेच बंद होतात. कार्यक्रम संपेपर्यंत ती उघडी अडकवून ठेवावीत आणि बाजूच्या दारासमोर रचलेल्या खुर्च्या हलवाव्यात. (त्या तिथेच रचलेल्या असतात, कुठलंही चर्च घ्या.)

आता ओल. बसलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. २०० माणसं दोन तास बसली तर सोळा ते वीस लिटर झालं. हे पाणी थंड दगडी भिंतीवर आणि काचांवर जमतं. म्हणून कार्यक्रमानंतर समोरासमोरच्या खिडक्या अर्धा-पाऊण तास उघड्या ठेवाव्यात, बाहेर पाऊस किंवा दमट हवा नसेल तर. थंड प्रदेशात लोक येण्याआधी तासभर जोरात हीटर लावायची सवय असते. त्यात हवा झटकन कोरडी पडते, ऑर्गनचं लाकूड आकसून तडकतं, आणि दुरुस्ती पुढच्या पिढीच्या गळ्यात पडते.

भिंतीला ओल दिसली की कुणीतरी हौसेने सिमेंट लावतं. चुन्यात बांधलेल्या भिंतीवरचा हा सगळ्यात महागडा उपाय. चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, भिंतीतलं पाणी बाहेर पडून सुकतं. सिमेंटने ती वाट अडली की पाणी दगडातून वाट काढतं, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरजा भरायच्या त्या चुन्यानेच. सर्वसाधारण प्रमाण एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. जुना मसाला दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल खरवडून काढावा, पाणी मारावं, मग भरावं. वरून ओलं गोणपाट टांगून काही दिवस ओलसर ठेवावं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, उन्हात झटपट सुकला तर भुगा होतो. अर्थात, त्याआधी छतावरची पन्हळ साफ करा. बऱ्याचदा ओलीचं मूळ तिथल्या पाचोळ्यात असतं.

गरजूंसाठी धान्य साठवायचं असेल तर बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर. मुदत आधी संपणारं पुढे.

शेवटी नोंदवह्या. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. पूर्वज शोधणारे लोक आजही अशाच वह्यांसाठी चर्चचं दार ठोठावतात, त्यातले कितीतरी एरवी चर्चमध्ये पाऊलही न टाकणारे. त्यांना आधी स्कॅन दाखवावं. मूळ वही काढावीच लागली तर टेबलावर पेन नको, पेन्सिल चालेल. फाटक्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीच लावू नये. तिचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो आणि खालची अक्षरं घेऊन जातो.