शुक्रवारचा कूलंट

परत रुजू झालो त्या दिवशी वॉचमनकाकांनी माझं डोकं निरखून बघितलं आणि म्हणाले, "काहीच दिसत नाही की रे!" तिथंच तर घोळ आहे. टाके केसांखाली गेले, म्हणजे पोरगा ठणठणीत.

जड माल उचलायच्या चेन ब्लॉकचा हूक डोक्याला लागला. मला त्यातलं काही आठवत नाही, सकाळी डबा उचलला इतकंच आठवतं. कवटीत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, सात महिने घरी. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशोबाने पैसे यायचे, म्हणून निभावलं. सर्टिफिकेट घेऊन हेलपाटे बायकोने घातले. त्या ट्यूबलाइटखाली रांगेत मला दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं.

भोसरीत अकरा वर्षं व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन, चालवली. आता मला इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलंय, तेही अर्धा दिवस. प्लग गेज म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी. तिची 'गो' बाजू जॉबच्या, म्हणजे बनवलेल्या भागाच्या, भोकात गेली पाहिजे, 'नो गो' अडकली पाहिजे. एवढंच काम. पण जॉब हातात घेतला की कळेना, हा आत्ताच बघितला का? मग डावा ट्रे न बघितलेल्यांचा, उजवा बघितलेल्यांचा, वर मार्करची टिकली. अकरा वाजेपर्यंत कॉम्प्रेसरच्या आवाजाने डोकं भणभणतं. कँटीनमध्ये कोपरा धरून बसतो, तर म्हणे हा आखडू झाला.

हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वासाचं मात्र घरी कळलं. दूध करपून पातेलं काळं झालं आणि मी शेजारीच उभा! नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू अशा दणक्यात तुटतात म्हणे. वर्षभरात आला तर आला वास, नाहीतर नाही.

आमची सुट्टी गुरुवारी. मशीन बंद राहिलं की शुक्रवारी कूलंटला, म्हणजे धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या पाण्याला, कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. शॉपमध्ये शिरताच तो आधी मला यायचा. मशीनचा पट्टा घासून वास सुटला तरी मीच सांगायचो. मशीन लावून देणारा सेटर मला कुत्रं म्हणायचा, कौतुकाने.

परवा शुक्रवारी माझ्या जुन्या मशीनपाशी गेलो. आता तिथे नवीन पोरगा आहे. टाकीवर वाकून जोरात श्वास घेतला. गार हवा, बाकी काही नाही.

"वास येतोय का रे?"

"येतोय की दादा, लय घाण."

"मग सांग ना सुपरवायझरला. किती दिवस झाले?"

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "तुमचं ऐकतात."

गेलो सांगायला.