२०४२ सालचा सिरियल नंबर

११ जून २०२४, मंगळवार. दुपारी एकला निकाल लागायचा होता. निकालाची साइट जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते सकाळी साडेनऊलाच उरकलं होतं. झोन फाइलमध्ये (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरच्या पत्त्यावर न्यायचं हे त्यात लिहिलेलं असतं) पत्ता बदलला, सिरियल (त्या फाइलचा आवृत्ती क्रमांक, आम्ही तो तारखेवरून देतो) वाढवला, बाइंड (ही फाइल वाचून उत्तरं देणारा प्रोग्राम) रीलोड केलं, माझ्या लॅपटॉपवर साइट उघडली. नवा सर्व्हर. परीक्षा विभागाच्या मॅडमना कळवलं, "झालंय मॅडम."

एक वाजून दहा मिनिटांनी फोन सुरू झाले. निकाल दिसत नाही. जुनंच पान येतंय, 'निकाल लवकरच जाहीर होईल'. मी बघितलं तर मला दिसत होता. शेजारच्या खोलीतल्यांना दिसत होता. मॅडमना ऑफिसात दिसत होता, त्यांच्या मुलाला घरी दिसत नव्हता. जो तो सांगत होता, ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगा. पोरं बिचारी तेच करत बसली होती.

खिडकीशी दोन मुली उभ्या होत्या, मैत्रिणी असाव्यात. एकीचा निकाल आला होता, दुसरीचा नाही. दोघींनी फोन शेजारी शेजारी धरून मला दाखवले. पत्ता अक्षरशः तोच, पानं दोन वेगळी. जिचा आला नव्हता ती म्हणाली, "सर, मी नापास आहे म्हणून दाखवत नाहीये का?" तिला मी "नाही गं, आमचा प्रॉब्लेम आहे" एवढं सांगितलं आणि आत आलो.

कॅशेचं कारण मला पटत नव्हतं. शनिवारीच मी टीटीएल, म्हणजे एकदा मिळालेला पत्ता किती वेळ धरून ठेवायचा ती मुदत, ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणून ठेवला होता. म्हणजे कुणाच्याही रिझॉल्व्हरने (वापरणाऱ्यासाठी पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरने) जुना पत्ता फार तर पाच मिनिटं धरून ठेवायला हवा होता. इथे बदल करून चार तास होत आले होते. कुणीतरी जुना पत्ता अजूनही ताजा म्हणून वाटत होतं.

आमचे नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर, दोन, दोन्ही डेबियन लिनक्सवर. प्रायमरी, जिथे मी फाइल बदलतो, आमच्या सर्व्हर रूममध्ये; सेकंडरी, जी प्रायमरीकडून झोनची नक्कल घेते, दुसऱ्या गावच्या कॅम्पसमध्ये. बाहेरचा रिझॉल्व्हर कधी याला विचारतो, कधी त्याला. मी डिग (नेमसर्व्हरला थेट विचारणारी आज्ञा) चालवून दोघांना वेगवेगळं विचारलं. प्रायमरीने नवा पत्ता दिला, सेकंडरीने जुना. मग दोघांचे एसओए रेकॉर्ड, म्हणजे सिरियल ज्यात असतो ती नोंद, मागवले. प्रायमरीचा सिरियल २०२४०६११०१. सेकंडरीचा २०४२०६१००१.

सेकंडरीचा आकडा मी तीनदा वाचला तरी डोळ्यांना २०२४च दिसत होतं. शेवटी बोट ठेवून एकेक अंक वाचला. चार, दोन. दोन, चार नाही. आणि पोटात गोळा आला, कारण तो आकडा मीच टाइप केला होता.

सोमवारी संध्याकाळी मेलसाठी झोनमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) घालताना सिरियलमधल्या वर्षाचे अंक उलटे पडले होते. फाइल तपासणाऱ्या नेम्ड-चेकझोनने काही तक्रार केली नाही. त्याच्या लेखी तो आकडा बरोबरच होता. रीलोड होताच सेकंडरीने तो झोन उचलला. पाच-दहा मिनिटांनी चूक माझ्या लक्षात आली, मी फाइलमध्ये २०२४ केलं, पुन्हा रीलोड केलं आणि घरी गेलो. घात झाला तो या दुरुस्तीने. सेकंडरी तारीख वाचत नाही, ती फक्त विचारते की प्रायमरीचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे का. २०४२ हातात असताना २०२४ने सुरू होणारा कुठलाही आकडा तिला शिळाच. चूक तशीच ठेवून पुढचा नंबर २०४२०६११०१ दिला असता, तर मंगळवारी काहीच बिघडलं नसतं!

नियमाप्रमाणे यातून सुटायची वाट लांबची आहे. सिरियल ३२ बिटांचा असतो, त्यात २१४७४८३६४७ मिळवून तो आधी पुढे न्यायचा, सेकंडरीने घेतला की मग हवा तो आकडा द्यायचा. आकडे संपले की पुन्हा शून्यापासून सुरू होणाऱ्या या चक्राकार मोजणीत तो पुन्हा 'पुढचा' ठरतो. सेकंडरी दुसऱ्याच्या ताब्यात असती तर तेच करावं लागलं असतं. आमची होती. एसएसएचने दुरूनच तिच्या आत शिरलो आणि आरएनडीसी रीट्रान्सफर दिलं. या आज्ञेने ती सिरियल न बघता अख्खा झोन नव्याने ओढते. लॉगमध्ये ट्रान्सफर पूर्ण झाल्याची ओळ आली. पुन्हा डिग. दोन्हीकडे २०२४०६११०१, दोन्हीकडे नवा पत्ता. घड्याळात १:५२ झाले होते.

बाहेर जाऊन त्या मुलीला म्हटलं, पाच मिनिटं थांब आणि मग उघड. मीही तिथेच थांबलो. दोनच्या सुमारास तिचं पान बदललं. तिने आधी मैत्रिणीला दाखवलं, मग मला. पास होती.

संध्याकाळी सेकंडरीचा लॉग उघडला. सोमवारपासून एकच ओळ पुन्हा पुन्हा: प्रायमरीकडून आलेला सिरियल आमच्यापेक्षा लहान आहे. प्रायमरीच्या लॉगमध्येही, मी आकडा 'दुरुस्त' केला त्याच मिनिटाला, सिरियल मागे गेल्याची नोंद होती. हल्ली झोनमध्ये एक अक्षर बदललं तरी मी दोन्ही सर्व्हरना एसओए विचारतो आणि आकडा बोट ठेवून वाचतो.