दोन शिंपी आणि एक मास्तर

गुरुवार, रात्र

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आज संपवली. १९७१ सालची, तशी लहानखुरीच. दोन बैठकांत व्हायला हरकत नव्हती, पण मधेमधे मिटून ठेवावी लागली. गंगाराम शिंप्याला हेकट म्हणावं की स्वाभिमानी, हे शेवटपर्यंत माझं ठरलं नाही. ते ठरत नाही याचं कारण सांगणारी पारबती, त्याची बायको. तिला त्याचा संताप येतो, कीव येते, आणि तरी गावापुढे त्याचीच बाजू घ्यावी लागते. गावातल्या मोठ्यांशी वाकडं घेतलं तर मशीन चालणार कशावर, कपडे टाकणार ते गावच ना! हे आपल्याला कळतं, तिलाही कळतं. त्याला कळत नसेल असं नाही, पण माघार घेणं त्याच्या रक्तात नाही. अख्खी कादंबरी मराठवाडी बोलीत. पहिली काही पानं अडखळले, मग कानात सूर बसला आणि पारबती समोर बसून बोलतेय असंच वाटू लागलं.

गंमत म्हणजे त्याआधी वाचली ती उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०), आणि तीही शिंप्याच्याच घराची. हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, वाचनालयात हाताला लागल्या तशा आणल्या. इथे मात्र नवरा, महादेव, कशाला भिडणाराच नाही. घर ओढते ती कौतिक. तिच्या तोंडची वऱ्हाडी मला डोळ्यांनी वाचून नीट उमगेना, म्हणून सासूबाईंना दिली. त्या मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांनी चष्मा लावून एक भांडण मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच खुदकन हसल्या. "अवं, ही रडत नाही, टोमणा मारून राह्यली त्याले," म्हणाल्या. मी तेच पान सकाळी डोळ्यांत पाणी आणून वाचलं होतं! मग पुढचे दोन-तीन प्रसंग त्यांच्याकडूनच ऐकले. कौतिक एकदम निराळी बाई झाली. तिखट, हिशेबी, नवऱ्याला पुरती ओळखून असलेली.

तक्रार एकच. उत्तरार्धात संकटं फार रांगेने येतात. महादेवला महारोग होतो तिथवर मी बरोबर होते, पण पुढे पुढे लेखक कौतिकला जरा टेकूही देत नाही याचा राग यायला लागला. सासूबाईंचं म्हणणं, गरिबाघरी असंच येतं सगळं एकदम, तुम्हा पुण्याकडच्यांना ते रचलेलं वाटतं. असेलही. माझं मत मी बदललेलं नाही.

या दोन्हींच्या मधे 'बनगरवाडी' पुन्हा वाचली. माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. शाळेत असताना वाचली तेव्हा औंध संस्थानातला तो तरुण मास्तर फार आवडला होता. गावासाठी तालीम बांधायचं मनावर घेतो, धनगरांची पोरं शाळेत बसवतो. या वेळी नजर शेकूच्या बायकोवर खिळली. बैल एकच, म्हणून दुसऱ्या बाजूला ती स्वतःला औताला जुंपून घेते. मास्तर हे बघतो, हळहळतो, आणि फार सुंदर लिहून ठेवतो. माळ, मेंढरं, धुळीचा वास, सगळं सुंदर. पण दुष्काळ पडून गाव उठतं तेव्हा मास्तरची बदली होते. त्याला जायला जागा आहे. पारबतीला नाही, कौतिकला नाही. म्हणून तर त्या दोघींच्या पुस्तकांत माळाचं वर्णन करायला कुणाला सवड नसते. 'बनगरवाडी' माझ्या लेखी खाली आली असं नव्हे. भाषेची इतकी काटकसर मराठीत फार थोड्यांना जमलीय. पण आज तिघांत एकच ठेव म्हटलं तर मी 'पाचोळा' ठेवीन.

आता सदानंद देशमुखांची 'बारोमास' घेतलीय, साहित्य अकादमी मिळालेली. शिकून नोकरीविना शेतात अडकलेला एकनाथ आणि त्याची बायको अलका. साठेक पानं झाली. माणसं जरा जास्तच बोलतात, भाषण ऐकल्यासारखं होतं कुठेकुठे. पण अलकाची चिडचिड अगदी खरी आहे, आणि तिचं माहेरी जाणं-येणं आलं की पानं भराभर उलटतात. सासूबाईंनी आधीच नंबर लावून ठेवलाय, तेव्हा रविवारपर्यंत संपवायला हवी.