अधिकं संसारिक्किल्ला

कोची एका दिवसात उरकलं. मुन्नार पावसामुळे खोलीच्या खिडकीतूनच पाहिलं. लिहायचंय ते आलप्पुळाजवळच्या एका ओसरीवरच्या दहा मिनिटांबद्दल.

हाउसबोटीवर पैसे घालवू नका, असा सल्ला देणार होते. पण आम्ही स्वतः घालवून बसलोय, तेव्हा कुठल्या तोंडाने देऊ? शेजारच्या बोटीवरच्या स्पीकरने झोपेचं खोबरं केलं. दुसऱ्या दिवशी अक्कल आली आणि जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट पकडून कुट्टनाडमधल्या एका होमस्टेत गेलो. इथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांधावरून चालताना एका हाताला कालव्याचं पाणी वर आणि दुसऱ्या हाताला शेत खाली दिसतं. घरच्या बाईंना सगळे चेची, म्हणजे ताई, म्हणत होते. मग आम्हीही चेचीच म्हणू लागलो. त्यांची मुलगी नर्स, चार वर्षं पुण्यात काढलेली.

संध्याकाळी चेची कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, सोलत होत्या. त्यांचे यजमान कोपऱ्यात पेपर धरून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहून हसले तर त्यांनी नुसती मान हलवली. चेची सुस्कारा टाकून म्हणाल्या, "अधिकं संसारिक्किल्ला."

'अधिकं' कळलं, 'संसार'ही कळला, शेवटचा नकारही कळला. म्हटलं, बिचारीचं दुःख आहे! पण सकाळपासून मी बघत होते ना. याच गृहस्थांनी बाजारातून करीमीन आणले, पायरीवर बसून खवले काढून साफ केले, नारळ सोलले, आमच्या चादरीसुद्धा वाळत घातल्या. माझ्याच्याने राहवेना. "नाही हो चेची, एवढा करतात की संसार!"

मुलगी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं. आई एवढंच म्हणत होती, की हे फार बोलत नाहीत.

मला मात्र ते पटेचना. 'सं' आणि 'सृ', म्हणजे सरणं, वाहत राहणं. जन्ममरणाचा फेरा, इथवर संस्कृतचं ठीक. हिंदीत ते अख्खं जग झालं. आपल्याकडे आणि बंगाल्यांकडे त्याच शब्दात नवरा-बायको, मुलंबाळं, भांडीकुंडी येऊन बसली. तमिळमध्ये तर संसारम् म्हणजे चक्क बायको! थाईत त्याचंच 'सोङसान' झालं, म्हणजे कीव करणं. इंडोनेशियात 'सेंगसारा', म्हणजे हाल. या दोघांशी माझा वाद नाही. पण बोलणं? आमच्याकडे संसारात पडल्यावर माणूस बोलणी खातो, तेवढाच काय तो संबंध!

येताना पहाटे नेत्रावती एक्सप्रेस तलश्शेरीला थांबली होती, तेव्हा मी चहावाल्याला शोधत होते. त्याच गावी राहून हेरमान गुंडर्ट या जर्मन मिशनऱ्याने मल्याळमचा अभ्यास केला. 1872 मध्ये त्याचा मल्याळम-इंग्रजी कोश निघाला. त्याचा नातू म्हणजे हेरमान हेसे. त्याच्या 'सिद्धार्थ' कादंबरीत एका प्रकरणाचं नावच 'संसार' आहे, आणि त्यात सिद्धार्थ पैसा, जुगार आणि सुखात रुतत जातो. आजोबांच्या कोशातल्या गप्पांचा तिथे मागमूस नाही.

रात्री जेवताना आमच्या ह्यांनी मिरजेच्या बदलीपासून गॅसच्या सबसिडीपर्यंत सगळं चेचींना ऐकवलं, तेही हिंदीत. चेचींना त्यातलं किती कळलं देव जाणे. शेवटी त्यांनी मला सांगितलं, "नन्नायि संसारिक्कुम्." छान बोलतात. हे जे खूश झाले! पंचवीस वर्षांत स्वतःचं ताट न उचललेल्या माणसाला 'नन्नायि संसार'चं सर्टिफिकेट! आता घरी कुणी आलं की ते सांगतात, अर्थ मात्र सांगत नाहीत.

निघताना चेचींच्या यजमानांनी, म्हणजे चेट्टननी (दादांनी), आमची जड बॅग धक्क्यापर्यंत उचलून नेली, हात दाखवून बोट थांबवली, बॅग आत ठेवली आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"पोयिट्टु वरू."

जाऊन या. हे मात्र मुलीला विचारावं लागलं नाही.